चार मिनिटे मागे

माणसाच्या अंगावरच्या वस्तूंत मनगटी घड्याळाइतकी बोलघेवडी वस्तू दुसरी नसेल. चष्मा डोळ्यांविषयी बोलतो, वहाणा फार तर पायांविषयी बोलतील; पण घड्याळ साऱ्या माणसाविषयी बोलते. सासऱ्याने दिलेले सोनेरी घड्याळ लग्नाला पंचवीस वर्षे झाली तरी सासऱ्याची ऐपत सांगत असते. निवृत्तीच्या समारंभात मिळणारे घड्याळ ‘यापुढे तुम्हांला वेळ पाहण्याचे काही कारण उरलेले नाही’ हे सौम्यपणे सुचवण्यासाठीच देतात की काय, अशी मला शंका आहे. आणि हल्लीची घड्याळे तर पावले मोजतात, नाडी पाहतात, फार वेळ बसलात तर ‘आता उठा’ म्हणून मनगटाला चिमटा काढतात. पूर्वी हे काम घरातली वडील माणसे करीत, आणि तेही विनामूल्य.

माझ्याजवळ मात्र एक घड्याळ असे आहे की ते आपल्या मालकाविषयी अवाक्षर काढीत नाही. त्याची तबकडी काळी. तिच्यावर ठळक आकडे. एके काळी ते पांढरे असावेत, आता त्यांवर जुन्या कागदासारखी पिवळट झाक आली आहे. सहाचा आकडा नाही. त्याच्या जागी एक लहानसे वर्तुळ आणि त्यात टुकटुक फिरणारा सेकंदकाटा. तारीख नाही, वार नाही, सोन्याचा मुलामा नाही. घरी येणाऱ्यांपैकी ज्यांना घड्याळांतले कळते ते म्हणतात, “वा, किती साधे!” ज्यांना कळत नाही ते विचारतात, “नवीन का घेत नाही?” दोघांचेही म्हणणे एकच आहे, एवढे मला समजते.

मुंबईच्या चोरबाजारात एका शुक्रवारी मी ते घेतले. “साहेब, लष्करी माल आहे,” एवढी एकच शिफारस विकणाऱ्याने केली. चोरबाजारात बूट, दुर्बिणी, कंदील आणि कधी कधी हार्मोनियमसुद्धा लष्करी असतात. तेव्हा ती शिफारस मी कानांआड केली. मला थांबवले ते तबकडीवरच्या एका खुणेने. ‘सायमा’ या कंपनीच्या नावाखाली तीन रेघांचा एक बाण होता. वर टोक, खाली तीन पाय. घड्याळ उलटे केले तर पाठीवरही तोच बाण, त्याच्याजवळ इंग्रजी तीन डब्ल्यू आणि काही आकडे.

हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची फार जुनी खूण. शेकडो वर्षे ती तोफांवर, जहाजांच्या लाकडांवर आणि कोठारांतल्या सामानावर उमटत आली. इंग्लंडमधल्या तुरुंगांत कैद्यांच्या कपड्यांवरही हाच बाण छापीत. म्हणजे कैद्याचा सदरा आणि कप्तानाचे घड्याळ यांत सरकारने एका बाबतीत भेद केला नाही: दोन्ही आमचे, हे त्याने दोन्हीवर सारख्याच स्पष्टपणे लिहून ठेवले. १८७५ साली तर ही खूण खोडून सरकारी माल लपवणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही झाला. तिकडे घड्याळावर नाव कोरतात ते प्रेमाने, ‘चि. अमुक यास, मॅट्रिक झाल्याबद्दल’ वगैरे. इकडे बाण कोरला तो अविश्वासाने. घालणाऱ्याला पहिल्या दिवसापासून बजावून ठेवले होते की, बाबा रे, हे तुझे नव्हे.

त्या तीन डब्ल्यूंचा उलगडा तर फारच गमतीचा आहे. ‘वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ’. ज्यांनी सरकारी कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर भरले आहे त्यांना ही भाषा तत्काळ ओळखू येईल. ‘खुर्ची, लाकडी, हात असलेली.’ ‘घंटा, पितळी, एक.’ तसेच हे, ‘घड्याळ, मनगटी, पाणी न शिरणारे.’ जगातल्या कोणत्याही घड्याळ्याला इतके रूक्ष नाव सुचले नसते. ते कारकुनालाच सुचू शकते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला असे घड्याळ हवे होते आणि इंग्लंडमधले कारखाने तोफगोळ्यांत गुंतलेले होते. तेव्हा मागणी स्वित्झर्लंडकडे गेली. सरकारने कलमे घातली: तबकडी काळी हवी, आकडे ठळक हवेत, अंधारात दिसले पाहिजेत, सेकंदकाटा हवा, यंत्र पंधरा ज्वेलचे हवे, काच फुटून तुकडे उडू नयेत, पाणी आणि धक्का सोसला पाहिजे. बारा कंपन्यांनी ती पुरी केली. ब्यूरेन, सायमा, एटर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, जेजे-लकूल्त्र, लेमानिया, लाँजिन्स, ओमेगा, रेकॉर्ड, टिमोर आणि व्हर्टेक्स. संग्राहकांनी पुढे १९६७ सालच्या एका इंग्रजी युद्धपटावरून त्यांना ‘डर्टी डझन’ असे नाव ठेवले. अभ्यासकांच्या अंदाजाने ही घड्याळे सगळी मिळून दीड लाखाच्या आसपास भरतात. पण मौज अशी की ती सैन्याच्या हाती पडली १९४५ साली. म्हणजे युद्धासाठी नेमके हवे तसे घड्याळ तयार झाले, तेव्हा युद्धच आवरायला लागले होते! मांडव घालून होईपर्यंत वरात परत निघावी, त्यातला हा प्रकार.

या यादीत काही नावे अशी आहेत की एरवी ती एकमेकींच्या सावलीला उभी राहायची नाहीत. लाँजिन्सचे दुकान वेगळे, टिमोरचे गिऱ्हाईक वेगळे. पण सरकारने सर्वांना एकच गणवेश चढवला. बाराही घड्याळे शेजारी शेजारी ठेवली तर शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी दिसतात. कोण वकिलाचा आणि कोण शिंप्याचा हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि मला वाटते, या घड्याळांचे सगळे सौंदर्य इथे आहे. कुणालाही खूश करण्यासाठी त्यांत एक रेघसुद्धा ओढलेली नाही. आकडा ठळक का? घामाने आणि धुराने डोळे चुरचुरत असतानाही तो दिसावा म्हणून. किल्लीचे बोंडूक मोठे का? बोटे गारठली असली तरी ते धरता यावे म्हणून. पट्टा अडकवण्याच्या दांड्या बहुतेक घड्याळांत पक्क्या बसवलेल्या का? नेहमीच्या घड्याळातली स्प्रिंगची दांडी ऐन वेळी निसटते आणि घड्याळ चिखलात जाते, म्हणून. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातला पोळपाट असाच होता. त्यावर नक्षी नव्हती, पण तो कुठूनही पाहिला तरी बरा दिसे, कारण त्याच्यात कामाबाहेरचे काही नव्हते.

आता लढणाऱ्या माणसाला घड्याळाची एवढी गरज काय, असे कुणी विचारील. मीही विचारले होते. बंदूक, पाण्याची बाटली, पट्टी बांधायचे सामान हे समजते. पण मिनिटामिनिटाचा हिशेब? त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धात आहे, आणि ते वाचल्यापासून मी या घड्याळाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

त्या युद्धापूर्वी पुरुष मनगटावर घड्याळ बांधीत नसत. ते बायकांचे लेणे समजले जाई. पुरुषाचे घड्याळ म्हणजे खिशातले, साखळीचे. पण खंदकात, अंगावर जाड कोट, हातात शस्त्र, अशा वेळी गुंड्या सोडून खिशातून घड्याळ काढणार कोण? म्हणून ते मनगटावर आले. आणि मग लढाईची एक नवी रीत निघाली. आपल्या तोफांनी शत्रूच्या खंदकापुढे गोळ्यांची एक भिंत उभी करायची. ठरलेल्या मिनिटाला ती भिंत पुढे सरकवायची. पुन्हा ठरलेल्या मिनिटाला आणखी पुढे. पायदळाने या भिंतीच्या मागोमाग, तिला जवळजवळ टेकून चालायचे. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये व्हिमीच्या टेकडीवर कॅनडाचे सैनिक असेच चढले. पहाटे साडेपाचला सुरुवात, आणि दर तीन मिनिटांना शंभर यार्ड. त्या चालीची त्यांनी आधी कित्येक दिवस तालीम केली होती.

या हिशेबाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तोफा मैल-दोन मैल मागे. तोफखान्यावरच्या माणसाला पुढचे आपले पायदळ धुरात दिसत नाही. पायदळाला तोफखाना दिसत नाही. तारा तुटलेल्या, निरोप्या वाटेत पडलेला. दोघांना जोडणारे काय, तर दोन्हीकडचे घड्याळ. पायदळाचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असेल, तर माणसे आपल्याच गोळ्यांखाली जातील. दोन मिनिटे मागे असेल, तर भिंत निघून गेलेली आणि शत्रू मशीनगनपाशी परत बसलेला. म्हणून हल्ल्यापूर्वी एखादा अधिकारी मुख्य ठाण्यावरची बरोबर वेळ लावलेले घड्याळ घेऊन खंदकाखंदकांतून फिरे आणि सर्वांची घड्याळे त्याच्याशी जुळवून घेई. त्या क्षणी वेळ ही सूर्याची राहिली नाही, देवाची राहिली नाही, आणि घालणाऱ्याची तर नाहीच नाही. ती एक शपथ झाली. ‘तू जे म्हणशील तेच मी वाजले असे मानीन,’ अशी शेकडो माणसांनी एकमेकांना घातलेली.

आणि ज्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते, त्याचे काय? सरकार घड्याळ देई ते ज्याच्या कामाला लागे त्याला. अधिकाऱ्याला, तोफखान्यावरच्या माणसाला, संदेश पोहोचवणाऱ्याला. साध्या शिपायाने साहेबाच्या शिटीकडे कान लावून राहायचे. त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या मनगटावर टिकटिकत असे. ९ एप्रिल हाच दिवस, साल १९४५. इटलीतली सेनिओ नदी. तोफांचा भडिमार झाला आणि सैन्य नदीत उतरले. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव होते. ते कंपनीचे निरोपे. बरोबरची बहुतेक माणसे पडली. तेव्हा त्यांनी एकामागून एक दोघा जखमींना गळ्याइतक्या संकटातून, पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी आणून ठेवले. परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँब घेतले. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना बोलावून घेतले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या घड्याळाचा त्या नदीशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण हल्ल्याची वेळ घड्याळांनी ठरवली, तरी तिच्यापुढचा अर्धा तास नगर जिल्ह्यातल्या एका शिपायाने कोणत्याही घड्याळाला न विचारता काढला, हे मला त्या बाणाशेजारी आठवत राहते.

आता आपल्याकडे पाहा. याच काळात आपली मुंबई वेळेच्या बाबतीत काय करीत होती? १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. मुंबईने ती मनावर घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे होती आणि ती शहराने पन्नास सालाच्या पुढेपर्यंत जपली. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापला तर कुठला टाइम हे विचारावे लागे. एकाच गल्लीत एका घरी साडेदहा वाजत आणि समोर दहाला नऊ मिनिटे कमी असत, तरी कुणाचे काही बिघडत नसे. फार तर एखाद्याची गाडी चुके. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून, सरकारने साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे ढकलली आणि १५ ऑक्टोबर १९४५ ला परत मागे आणली. युद्ध आपल्या घरांत शिरले ते रेशनकार्डातून तसे भिंतीवरच्या घड्याळातूनही. एकोणचाळीस मिनिटांवरून पन्नास वर्षे वाद घालीत बसणे, ही गोष्ट मला पूर्वी नुसती विनोदी वाटे. आता तिचा थोडा हेवा वाटतो. ज्या गावाला मरणाची घाई नसते तेच एवढा वाद घालू शकते.

घड्याळ स्वित्झर्लंडचे, हे मी मघाशी सांगितले. त्याची एक बाजू सांगायची राहिली. तो देश युद्धात तटस्थ होता आणि चोहोंकडून जर्मनी व तिच्या साथीदारांच्या सैन्याने वेढलेला होता. घड्याळे त्याने दोन्ही पक्षांना विकली. या बारांपैकी जी आयडब्ल्यूसी, तिने १९४० साली जर्मन विमानदळासाठी भलेथोरले घड्याळ केले होते. पंचावन्न मिलिमीटर व्यासाचे, कोटाच्या बाहीवरून बांधायचे. आणि त्याच कंपनीने पुढे इंग्रजांसाठी बाणाचे घड्याळही केले. तिचे गाव शाफहाउझेन. ते ऱ्हाइन नदीच्या जर्मनीकडच्या काठावर आहे. १ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी ते जर्मन गाव समजून त्याच्यावर बाँब टाकले. चाळीस माणसे मेली. एक बाँब या घड्याळांच्या कारखान्याचे छप्पर फोडून आत आला आणि फुटलाच नाही. मी या गोष्टीचे तात्पर्य काढायचा पुष्कळ प्रयत्न केला; जमले नाही. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवणारा तो कारागीर, ज्याच्या हातचे एक घड्याळ बाँब टाकणाऱ्याच्या मनगटावर आणि दुसरे बाँब चुकवणाऱ्याच्या, त्याच्या डोक्यावरून मृत्यू आला आणि बिघडलेल्या यंत्रासारखा जागच्या जागी थांबला. एवढेच.

पण या घड्याळाने ज्यांचा जीव घेतला असे मला खात्रीने वाटते, ती माणसे रणांगणावर नव्हतीच. ती गोष्ट त्या पिवळट आकड्यांत आहे. अंधारात वेळ दिसावी म्हणून आकड्यांवर रेडियमचा रंग देत. अगदी थोडे रेडियम आणि त्याच्या जोडीला झिंक सल्फाइडची पूड. रेडियमच्या किरणांनी ती पूड हिरवट चमके. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अशी घड्याळे हवी झाली तेव्हा अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावी तरुण मुलींना ती रंगवायच्या कामावर घेतले. आकड्याची रेघ बारीक यावी म्हणून ब्रशाचे टोक ओठांत धरून त्याला अणी करायची, असे त्यांना शिकवले होते. ओठ, रंग, तबकडी. ओठ, रंग, तबकडी. दिवसभर. संध्याकाळी घरी निघाल्या की त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकत, आणि त्या वयाला शोभेल अशी त्यांना त्याची मौज वाटे. काही वर्षांनी त्यांचे दात पडू लागले, मग जबड्याची हाडे सडू लागली. ग्रेस फ्रायर नावाची मुलगी १९१७ साली त्या कामाला लागली होती. तिने आणि आणखी चौघींनी कारखान्यावर फिर्याद केली. वकील मिळवण्यातच दोन वर्षे गेली. १९२८ साली तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि जगेल तोवर वर्षाला सहाशे. ग्रेस १९३३ साली गेली.

ही हकीकत माझ्या घड्याळाच्या जन्मापूर्वीची. पण रंग तोच. आज रात्री दिवा मालवला तर त्याचे आकडे दिसत नाहीत. लोकांना वाटते रेडियम संपले. तसे नाही. दमली ती चमकणारी पूड. रेडियम निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. या ऐंशी वर्षांत त्यातले शंभरापैकी जेमतेम साडेतीन भाग गेले असतील. प्रकाश गेला आणि विष राहिले. म्हणून असे घड्याळ कुणाच्या घरी असेल तर एवढे सांगतो: ते बंद असेपर्यंत फारशी भीती नाही, पण हौसेने उघडू नका, तबकडी खरवडू नका, उशाशी घेऊन निजू नका आणि मुलांना खेळायला देऊ नका. हवेशीर जागी ठेवा. पुढे ब्रिटिश सरकारनेच अशा कित्येक घड्याळांच्या तबकड्या काढून टाकून कमी धोक्याच्या बसवल्या.

हे सगळे मी एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरी सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी ताक वाढता वाढता ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “अहो, पण ज्याने हे घातले होते, तो घरी परत गेला का?”

तीन पुस्तके वाचूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. पाठीवर आकडे आहेत, पण ते घड्याळाचे, माणसाचे नव्हेत. शिपायाने सही करून घड्याळ घ्यायचे आणि काम संपले की जमा करायचे. कोठारातला माणूस ते पुसणार, तेल घालणार, आणि पुढच्याला देणार. पुढच्याला आधीचा कोण हे कधी कळायचे नाही. यांतली काही घड्याळे युद्धानंतर डचांच्या ईस्ट इंडीजमधल्या सैन्याकडे गेली आणि १९४९ साली इंडोनेशियाला सत्ता मिळाल्यावर त्या नव्या देशाच्या सैन्याकडे. अशा घड्याळांच्या पाठीवर दोन्हींच्या खुणा सापडतात. राज्य गेले, झेंडा बदलला, मालक शत्रूपक्षाचा झाला. घड्याळाने आपले मिनिट साठच सेकंदांचे ठेवले. घड्याळ परत आले याचा अर्थ माणूस परत आला असा होत नाही. मी तसे सांगितले. “मग घालू नका ते लग्नाकार्यात,” एवढे म्हणून त्या ताटे उचलायला लागल्या. तेव्हापासून मी ते लग्नाकार्यात घालीत नाही. एरवी घालतो. युद्धाची वस्तू अंगावर मिरवणे वेगळे आणि तिच्यामागे काय काय आहे हे माहीत असून ती वापरणे वेगळे, अशी मी माझी समजूत घातली आहे.

मध्यंतरी ते बंद पडले. आमच्या पेठेत एक वृद्ध घड्याळजी आहेत. जिन्याखाली टेबल, डोळ्याला भिंग, समोर काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवलेली चाके. त्यांनी घड्याळ हातात घेताच म्हटले, “तबकडी फार खराब झाली आहे. नवी रंगवून देऊ? कालची दिसेल.” मी त्यांना रेडियमचे सांगितले. ते हसले. “ते ठाऊक आहे हो साहेब. तबकडीला मी हात लावीत नाही, बाहेर देतो. पण तुम्ही नको म्हणालात ते बरे केलेत. कालची दिसली तर आजवर जे झाले ते सगळे गेले.”

मग त्यांनी पाठीचे झाकण उघडले आणि भिंग माझ्या हातात दिले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या. “हे आमचे लोक,” ते म्हणाले. घड्याळ दुरुस्त करणारा आपली खूण आणि तारीख आत कोरून ठेवतो, पुढच्याला कळावे म्हणून. पाच-सहा खुणा होत्या. दोन इंग्रजीत, एक उर्दूत, एक नुसती रेघांची, आणि एक स्पष्ट देवनागरी आकड्यांत: १२-३-५८. बाहेरच्या बाजूला सरकारचा बाण. आत, जिथे सरकारचे लक्ष गेले नाही तिथे, ही माणसे. घालणाऱ्यांपैकी एकाचेही चिन्ह घड्याळावर नाही. ज्यांनी ते मांडीवर घेऊन चालते केले त्यांची आहेत. मला एकदम बरे वाटले. का ते नीट सांगता येणार नाही.

आठवड्याने घड्याळ आणायला गेलो. घड्याळजींनी ते कानाशी धरून मला ऐकवले. “चालतेय छान. फक्त दिवसाला चार मिनिटे मागे पडते. वय झाले. आणखी दोन दिवस ठेवा, तेही काढून देतो.”

चार मिनिटे. व्हिमीच्या चढावर चार मिनिटे म्हणजे सव्वाशे यार्डांहून अधिक; म्हणजे आपल्यापुढची भिंत निघून गेलेली आणि आपण उघड्यावर. तेवढ्यासाठी तिकडे माणसे खंदकांतून हिंडत घड्याळे जुळवीत होती. आणि इकडे, माझ्या घरी, चार मिनिटे म्हणजे काय? चहा थोडा निवणार. नातीची शाळेची गाडी कोपऱ्यावर दोनदा भोंगा वाजवणार. भाजीवाला पुढच्या दारी गेलेला असणार आणि त्याला हाक मारावी लागणार. कुणी मरणार नाही.

मी म्हटले, “राहू द्या चार मिनिटे.”

घड्याळजींनी भिंगावरून माझ्याकडे पाहिले. आजवर त्यांच्याकडे घड्याळ बरोबर चालावे म्हणून लोक येत आले असणार. पण त्यांनी काही विचारले नाही. झाकण लावण्यापूर्वी सुई घेऊन आत आपली बारीकशी खूण केली, फुंकर मारली आणि घड्याळ माझ्या हातात दिले. मी त्याला किल्ली दिली. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते. मी माझे तेवढ्यावर लावले आणि सावकाश घरी निघालो.